सुईने सांगितल्या अकरा कोंबड्या

मित्रांनो, मी एक जुनी सुई आहे. जुनी म्हटलं की लगेच गंजलेली समजू नका हं! माझं टोक अजून असं आहे की जाड पट्ट्यातूनही आरपार जाईन, आणि नेढं इतकं मोठं की चष्मा विसरलेल्या माणसालाही एका फटक्यात दोरा ओवता येतो. कारखान्यात एका लांबलचक तारेतून मला कापलं, तापवलं, घासूनपुसून चकचकीत केलं आणि चोवीस बहिणींबरोबर काळ्या कागदात खोचून दुकानात पाठवलं. त्या बहिणींपैकी कुणी मोडली, कुणी सोफ्यात हरवली. मी मात्र टिकले!

आमच्या बाई शिवणकाम करतात. रस्त्याकडच्या खोलीत त्यांचं मशीन, मागच्या दारी एवढंसं अंगण आणि अंगणात कोंबड्यांचं खुराडं. काम करताकरता मला झग्यावर, गळ्याच्या जरा खाली, टोचून ठेवायची त्यांची सवय. त्यामुळे घरात कोण काय बोललं, कोण कुणावर चिडलं, मला सगळं ठाऊक. काज, बटणं, पडद्याच्या कडा, शाळेच्या दप्तराचे तुटलेले बंद, काय काय म्हणून शिवलं नाही मी! "ही सुई हातात आली की टाका कसा सरळ पडतो," असं बाई म्हणायच्या, आणि मला असा काही भाव चढायचा की विचारू नका. त्या भावातच पुढचा घोळ झाला.

त्याचं असं झालं. घरात चार कोंबड्या होत्या, त्यातली तांबडी एक दिवस खुडूक बसली. म्हणजे जागची हलेना, हात लावला तर फुगून टोच मारायची. घरात कोंबडा नव्हता, म्हणून बाहेरून उबवायची अंडी आणून तिच्याखाली ठेवायची ठरली. बाईंकडे कपडे शिवायला येणाऱ्या एका म्हातारीने त्यांना युक्ती सांगितली होती. सुईत दोरा ओवायचा, सुई अंड्यावर लोंबती धरायची. गोल फिरली तर कोंबडी निघणार, सरळ मागेपुढे झुलली तर कोंबडा.

आणि सुई कोणती घेतली असेल? मीच!

बाईंनी एकेक अंडं पुढे ठेवलं. त्यांची मुलगी भिंगरी श्वास रोखून बघत होती. तिचं खरं नाव वेगळं आहे, पण ती एका जागी उभी राहील तर शपथ, म्हणून सगळे भिंगरीच म्हणतात. मी लोंबकळले आणि गोल गोल फिरले. मित्रांनो, खरं सांगते, मला आतून काही म्हणजे काही कळलं नव्हतं. बाईंना कोंबड्या हव्या होत्या आणि त्यांचा हात गोल फिरत होता, एवढंच. पण "सुईने सांगितलं!" म्हणून दोघी नाचायला लागल्या, तर मी कशाला नाही म्हणू? ज्यांच्यावर मी गोल फिरले ती अकरा अंडी तांबडीखाली गेली.

एकवीस दिवसांनी नऊ पिल्लं निघाली. भिंगरीने नवाच्या नवांना मुलींची नावं ठेवून टाकली. राणी, मैना, चंपा, बेबी... एक पिल्लू पोक्त बाईसारखं जपून चालायचं, त्याचं नाव काकू. बेबी तिची सगळ्यात लाडकी. खांद्यावर बसायची, कानातला डूल ओढायची.

मग हळूहळू तुरे वाढायला लागले. शेपटीची पिसं वाकायला लागली. बाई म्हणायच्या, "अंगाने चांगल्या आहेत ना, म्हणून." आणि एका सकाळी मैना पत्र्यावर चढली, मान ताणली आणि आरवली! दुसऱ्या दिवशी चंपा. तिसऱ्या दिवशी बेबी. चौथ्या दिवशी काकूसुद्धा!

नवातले सात कोंबडे.

भिंगरीचा मामा एका कँटीनमध्ये आचारी आहे. तो आला आणि पोट धरधरून हसला. "ताई, तुझ्या सुईला चष्मा लाव गं! अकरा कोंबड्या म्हणे! चल, मी मोठं पातेलं काढतो."

"मामा, तोंड सांभाळ," भिंगरी म्हणाली. नावं बदलायची मात्र तिने साफ नाकारली. सवय झाली होती ना सगळ्यांना.

हसण्यावारी नेण्यासारखं ते राहिलं नाही. वरच्या मजल्यावर एक नर्स राहतात, रात्रपाळी करून सकाळी झोपतात. त्या जिन्यातूनच म्हणाल्या, "ताई, एक कोंबडा आरवला तर मी कूस बदलून झोपते. सात आरवले तर मी काय करू, सांगा ना!" आणि खाली खुराड्यात त्याहून वाईट. सात कोंबडे, कोंबड्या सहाच. दिवसभर पाठलाग, ओढाताण. तांबडीच्या पाठीवरची पिसं गेली, कातडी दिसायला लागली. बाईंनी उरल्यासुरल्या कापडाची जाकिटं शिवली, कोंबड्यांच्या पाठीवर घालायला. ती मीच शिवली, बंदांसकट, आणि झक्कास शिवली! तांबडी ठिपक्यांच्या जाकिटात फिरायला लागली. पण कोंबडे तितकेच होते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. आठ दिवसांत जाकिटाच्या चिंध्या झाल्या.

"द्यायचे कुणालातरी," भिंगरी म्हणाली आणि गल्लीभर फिरून आली. सगळीकडे एकच प्रश्न, "कोंबडी आहे का?" कोंबडा कुणालाच नको. शेवटी रोपं विकणाऱ्या एका आजींनी मैनेला नेलं. त्यांच्याकडे कोंबड्या होत्या, कोंबडा नव्हता. राहिले सहा.

बाईंनी मशीन थांबवलं. "भिंगरे, ऐक. एक ठेवायचा. पाच रविवारी मामाकडे. कोणता ठेवायचा ते तू ठरव. पण लाडाने नाही, कारण सांगून."

"बेबी!"

"कारण?"

भिंगरी उठून खुराड्याकडे गेली.

त्या आठवड्यात ती उलट्या बादलीवर बसून नुसती बघत राहिली. काय सांगू, भिंगरी आणि एका जागी! काकूला दाणा सापडला की तो कुटकुट करून कोंबड्यांना बोलवायचा आणि स्वतः मागे सरायचा. आकाशात घार दिसली तेव्हा त्याने अशी आरोळी दिली की सगळ्या झुडपाखाली पळाल्या, आणि हा बाहेर मान वर करून उभा. बेबी सगळ्यांच्या आधी झुडपात! आणि पाणी भरायला गेलेल्या भिंगरीच्या पोटरीवर बेबीने झेप घेतली. पायाच्या काट्याने बोटभर ओरखडा काढला.

"मी लाल चप्पल घातली होती ना, म्हणून," भिंगरी म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती अनवाणी गेली. बेबीने दुसरी पोटरी फोडली.

बाईंनी जखम धुतली, औषध लावलं, पट्टी बांधली.

रविवार आला. मामा मागच्या अंगणात दगडाशी सुरी घासत होता. भिंगरी दारात आली. "काकूला ठेवायचं. तो आधी दुसऱ्यांना खायला देतो. आणि घार आली तर पळत नाही."

"आणि बेबी?" मामाने हळूच विचारलं. आज तो चेष्टा करत नव्हता. "देऊ या का कुणाला?"

"ज्याला देऊ त्याच्या पोरांना बोचकारेल ना, मामा. आणि जन्मभर बांधून ठेवायचं, तर मग तिने करायचं काय?" तिने नाक पुसलं. "पण मी आणणार तिला. दुसऱ्या कुणी धरलं तर ती घाबरेल."

बाईंनी "नको गं" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. जाकिटातलं उरलेलं ठिपक्यांचं कापड काढून दिलं. भिंगरीने बेबीला त्यात गुंडाळलं, डोळ्यांवर पदर घेतल्यासारखी एक घडी आणली, तशी बेबी शांत झाली. तिला घेऊन भिंगरी अंगण ओलांडून चालत गेली. बाई तिच्या बाजूला. चेहरा इस्त्री केल्यासारखा, एक सुरकुती नाही. पण मी त्यांच्या छातीवर टोचलेली होते ना, मला आतलं कळत होतं. मशीनसुद्धा इतक्या जोरात कधी चाललं नाही, मित्रांनो.

मामाचा हात कामात पक्का. त्याने वेळ लावला नाही, ना बेबीला, ना बाकीच्या चौघांना.

नंतर पायरीवर बसून बाई म्हणाल्या, "भिंगरे, चुकलं माझं. कोंबडे निघाले तर काय करायचं, हे मी अंडी ठेवायच्या आधी ठरवायला हवं होतं. मी सुईवर भार टाकला आणि तो शेवटी तुझ्या हातात आला."

भिंगरी सरकत जवळ आली. मग आईच्या कुशीत अशी घुसली की मी तिला टोचता टोचता राहिले.

जेवायला मामा जेवला, बाई जेवल्या. भिंगरीने दूध-पाव खाल्ला आणि तिला कुणी एका शब्दाने काही विचारलं नाही. सोमवारी सकाळी एकच आरवणं ऐकू आलं, काकूचं. वर नर्सबाई कूस बदलून झोपल्या असणार. तांबडीच्या पाठीवर आता लव फुटली आहे.

मित्रांनो, मी सुई आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. फाटलेलं आणा, उसवलेलं आणा, एका बैठकीत शिवून देते. पण तुमच्या वतीने ठरवायला मला सांगू नका, आणि मलाच काय, कुणालाच सांगू नका. अंडी उबवायला ठेवाल तेव्हा साधारण निम्मे कोंबडेच निघणार असं धरून चाला, आणि त्यांचं काय करायचं ते त्याच दिवशी घरातल्या सगळ्यांनी बसून बोला. कारण पुढे कुणालातरी त्यांना हातात घेऊन अंगण ओलांडावंच लागतं.