खुर्चीजवळचे डाग

"बघा, आता तुम्हीच सांगा. हे सिगारेटचंच आहे ना?" लीनाताईंनी विचारलं खरं, पण उत्तर त्यांच्याकडे तयारच होतं.

भीमराज नगरच्या सावेडी भागातल्या त्या बंगल्याच्या अंगणात गुडघे टेकून बसला होता. अंगणभर प्लास्टिकचं हिरवं गवत, तीन वर्षांपूर्वी त्यानेच अंथरलेलं. त्यात पाच-सहा ठिकाणी पाती वितळून काळपट गोळे झाले होते. डागांपासून दोन हातांवर वेताची खुर्ची आणि खुर्चीत लीनाताईंचे सासरे, दत्तोपंत. वय शहात्तर. हृदयाच्या ऑपरेशननंतर त्यांनी सिगारेट सोडली होती, तीही नातीच्या, मनवाच्या, गळ्याची शपथ घेऊन. आता डाग पडले म्हणजे शपथ मोडली, असा सरळ मामला होता. आठ वर्षांची मनवा आठ दिवस आजोबांशी बोलत नव्हती. "माझी शपथ घेऊन खोटं बोलले," एवढंच तिचं म्हणणं.

दत्तोपंत पेपर वाचत होते. पेपर कालचा होता.

"सांगतो की," भीमराज म्हणाला. "पर आधी हात तर फिरवू द्या."

ही त्याची जुनी खोड. या धंद्यात येण्याआधी अकरा वर्षं त्याचं मिरजगावला हायवेवर पंक्चरचं दुकान होतं. तिथला पहिला धडा असा, की ट्यूबला ठिगळ लावण्याआधी टायरमधून हात फिरवायचा. आत खिळा राहिला, तर ठिगळ चार किलोमीटरही टिकत नाही. पुढे गावोगाव बॉक्स क्रिकेटची टर्फं, म्हणजे अशाच प्लास्टिकच्या गवताची मैदानं झाली, भीमराज ते काम शिकला, नगरला बिऱ्हाड केलं. पण खोड काही गेली नाही. बायको माधुरी म्हणायची, "तुमी भाकरी खातानाबी आधी खिळा शोधता."

डाग गोल नव्हते. लांबट होते आणि एका तिरक्या रेषेत होते. राख कुठेच नाही. पाती शेंड्याला वितळलेली, बुडाशी मात्र जशीच्या तशी. सिगारेट टेकवली असती तर एकाच जागी खालपर्यंत भोक पडलं असतं.

"ताई, हे सिगरेटचं न्हाई."

"मग काय आपोआप जळलं? अण्णांची बाजू सगळेच घेतात. तुम्ही आपला तुकडा बसवा." लीनाताई चहा टाकायला आत गेल्या.

दत्तोपंतांनी पेपर खाली केला. "भीमराज, सांगून टाका सिगारेटच आहे म्हणून. मी कबूल करतो. माफी मागितली की पोरगी बोलेल तरी."

"न वढताच माफी मागनार?"

"खरं-खोटं करत बसायला माझ्याकडे वेळ आहे हो. तिचा अबोला सोसवत नाही."

भीमराजने डागांवरून पुन्हा बोट फिरवलं आणि विचारलं, "अण्णा, डाग पडतो कवा?"

"दुपारी मी आत आडवा होतो. पाचला बाहेर येतो, तेव्हा नवा असतो."

"मग मी हितंच बसतो."

अडीच वाजले होते. कोल्हारच्या गिऱ्हाइकाला फोन करून त्याने उद्याचा वायदा दिला, डोक्यावर टॉवेल घेतला आणि फेब्रुवारीच्या उन्हात बसून राहिला. दत्तोपंतही आज आडवं व्हायला आत गेले नाहीत. लीनाताई खिडकीतून दोनदा डोकावून गेल्या. पैशांचं काम घेतलेला माणूस असा खुळ्यासारखा बसतो हे काही त्यांना झेपेना. मग मनवा आली.

"काका, काय बघताय?"

"गवत उगवतंय का ते."

"ते खोटं आहे!"

"व्हय. पर जळतंय लई खऱ्यावानी."

मनवाला हे पटलं. तीही शेजारी बसली, आजोबांच्या खुर्चीकडे पाठ करून.

चारच्या सुमाराला गवतावर उजेडाचा एक पट्टा उमटला. तळहाताएवढा, डोळे दिपवणारा. हळूहळू सरकत होता. भीमराजने त्यात हात धरला आणि लगेच मागे ओढला. मग पिशवीतून गवताची एक कातरण काढून तिथे ठेवली. बघता बघता पाती आखडली, वाकडी झाली, प्लास्टिकचा वास सुटला.

भीमराजने मान वर केली. माडीवरच्या खोलीची नवी खिडकी, दिवाळीत बसवलेली. आरशासारखी चकचकीत काच, मधोमध जराशी आत दबलेली. सगळं ऊन गोळा करून ती खाली अंगणात फेकत होती. दिवाळीपासून रोज थोडा थोडा सरकत सूर्य या आठ-दहा दिवसांत कुठे तिच्या बरोब्बर समोर येऊ लागला होता.

"ताई! या, या! सिगरेट वढनारा घावला!"

लीनाताई धावत आल्या. त्यांनी उजेडात बोट घातलं, "अगंबाई!" म्हणून ओढलं आणि वर बघितलं.

"काच कोणी पसंत केली होती?" दत्तोपंतांनी आभाळाकडे बघत विचारलं.

लीनाताई आधी लाल झाल्या, मग हसत सुटल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या सासऱ्यांच्या पाया पडल्या. "अण्णा, चुकलं माझं." तोवर मनवाने आजोबांच्या मांडीवर उडी घेतली होती. आठ दिवसांचं साठलेलं सगळं ती एकदमच सांगत होती, वर्गातल्या करणने डबा सांडला ते, बाईंचं लग्न ठरलं तेही. दत्तोपंतांना त्यातलं काही कळत नव्हतं. ते नुसते "बरं, बरं" करत होते.

भीमराजने खिडकीवर जाड चादर बांधायला लावली. नवा तुकडा जुन्या गवतात ओळखू आला असता, म्हणून झोपाळ्याखालचं विटलेलं गवत कापून डागांच्या जागी बसवलं आणि नवं झोपाळ्याखाली सरकवलं. पाती एका दिशेला झाडली. सांधा कुठे आहे ते मनवालासुद्धा सापडेना.

निघताना दत्तोपंत फाटकापर्यंत आले, मनवा त्यांचं बोट धरून. "परक्या माणसावरच्या आळासाठी दीड तास उन्हात कोण बसतं हो?"

भीमराजने हेल्मेट हातात फिरवलं. "अण्णा, हायवेला गाडी पंक्चर झाली की लोक म्हनायचे, दुकानवालाच रस्त्यावर खिळे टाकतो. हसत म्हनायचे, पर म्हनायचे. अकरा वर्सं ऐकलं. मग वढलं शटर खाली, कायमचं."

"पण तुम्ही नव्हते ना टाकत?" मनवाने विचारलं.

"न्हाई बाळा."

"मग झालं तर," मनवा म्हणाली आणि झोपाळ्याकडे पळाली.

अकरा वर्षांत त्याला असं सरळ कोणी विचारलंच नव्हतं. भीमराजला इतका आनंद झाला, की किल्ली न लावताच त्याने गाडीला तीनदा किक मारली.