बाईंच्या नावाने गेलेली पत्रे

मित्रांनो, मी एक जुनी ओळ आहे. कवितेतली नाही, वहीतली नाही. कॉम्प्युटरवर ईमेल लिहायला बसले की वरच्या बाजूला काही रिकाम्या ओळी दिसतात, त्यांतली मी शेवटची. सगळ्यात वर 'प्रेषक' असतो, म्हणजे पत्र कोणाच्या नावाने निघाले ते. त्याखाली 'प्रति', मग 'प्रत' आणि तळाला मी, 'गुप्त प्रत'. लोक मला बीसीसी म्हणतात. माझ्यात ज्याचा पत्ता लिहाल त्याला पत्र मिळते, पण त्याला ते मिळाले हे बाकी कोणालाच कळत नाही. ऐकलेले पोटात ठेवायचे, ओठावर आणायचे नाही, हाच माझा धर्म.

मला घडवणारा कोण होता ते मला ठाऊक नाही. त्याने मला एका छोट्या बाणामागे दडवले. बाण दाबला तरच मी दिसते. त्यामुळे माझी बरीच वर्षे कोणाच्या नजरेस न पडता गेली.

मी आले ती कानाच्या यंत्रांच्या एका लहानशा दुकानात. पुढच्या खोलीत टेबल, कॉम्प्युटर आणि चार खुर्च्या. मागच्या खोलीत मालक भिंग लावून यंत्रे दुरुस्त करायचे. टेबलावर बाई बसायच्या. बाईंचे वय साठीला टेकलेले, तब्येत हृदयाची तक्रार करणारी आणि जीभ मात्र ठणठणीत. यंत्रे साफ करून घ्यायची आठवण त्या सगळ्या गिऱ्हाइकांना एकदमच पाठवायच्या. सुरुवातीला त्यांनी साठ जणांचे पत्ते सरळ 'प्रति'मध्ये भरले. त्या साठांत एकाच जिन्यावर राहणाऱ्या दोन शेजारणी होत्या. दोघींनीही दहा वर्षे केसांखाली यंत्र लपवले होते आणि दोघीही एकमेकींना 'तुम्हाला ऐकू कमी येतं' म्हणून चिडवत होत्या. पत्र गेले आणि दोघींचे बिंग फुटले. एक हसली, दुसरी दुकानात येऊन तासभर भांडली.

त्या दिवशी बाईंनी बाण दाबला आणि मी त्यांना सापडले. मग त्या 'प्रति'मध्ये स्वतःचा पत्ता घालायच्या आणि गिऱ्हाइके सगळी माझ्यात. "ही खालची ओळ म्हणजे गुणाची पोर आहे," असे त्या मालकांना म्हणाल्या. मित्रांनो, माझे कौतुक मी आयुष्यात तेवढे एकदाच ऐकले.

आता मी ज्या पत्त्यासाठी हे सांगते आहे, त्याच्याकडे वळते. बाईंच्या घरी त्यांचे यजमान एकटे असत. निवृत्त शिंपी. तेही कानाने अधू, त्यामुळे फोन त्यांना नकोसा. बाईंच्या हृदयाची त्यांना दिवसभर धास्ती. म्हणून बाईंनी एक युक्ती केली. त्यांच्या नावाने जे पत्र निघेल त्याची एक गुप्त प्रत आपोआप यजमानांना जावी, अशी सोय त्यांनी कॉम्प्युटरमध्ये करून ठेवली. आणि यजमानांना सांगितले, "पत्र आलं की समजायचं, मी टेबलावर आहे. पडले नाही, झडले नाही."

तेव्हापासून नवे पत्र उघडले की तो पत्ता माझ्यात आधीच येऊन बसलेला असे. सकाळी पहिले पत्र निघाले की शिंपी शिवणयंत्राचे झाकण उघडत. संध्याकाळचे शेवटचे पत्र मिळाले की चहाचे आधण ठेवत. हे बाईच मालकांना हसत हसत सांगायच्या. अकरा वर्षे मी त्या घरी रोज एकच निरोप नेला. पत्रात मजकूर यंत्रांचा असे, पण खरा निरोप 'मी आहे' एवढाच असे.

एका सकाळी बाई चष्मा घरी विसरून निघाल्या आणि दुकानाच्या पायरीवरच कोसळल्या, त्या पुन्हा उठल्या नाहीत. त्या दिवशी एकही पत्र निघाले नाही.

आठ महिने कॉम्प्युटरवर धूळ बसली. मग मालकांनी एक नवी मुलगी कामावर ठेवली. तिला सगळे धाकट्या बाई म्हणू लागले. मुलगी कामसू, पण नवखी. पहिल्याच दिवशी तिने विचारले, की प्रेषकाच्या जागी स्वतःचे नाव घालू का? मालक म्हणाले, की नको, गिऱ्हाइकांना बाईंच्या नावाची सवय आहे, नवे नाव पाहून पत्र कोणी उघडणार नाही. मग तिला माझ्यात बसलेला तो एकटा पत्ता दिसला. तिची बोटे क्षणभर थांबली. पण बाईंनी ठेवला आहे म्हणजे काही कारण असेल, असे तिने मनाशी ठरवले आणि बाईंचाच जुना मजकूर काढला. 'आपण लवकर यावे. आम्ही आपली वाट पाहत आहोत.' गिऱ्हाइके म्हातारी, म्हणून तिने अक्षर तेवढे मोठे केले. आणि 'पाठवा' दाबले.

मी शहारले. मेलेल्या बाईचे नाव डोक्यावर घेऊन ते पत्र त्या घरी निघाले होते, आणि ते नेणारी मी होते. थांबवायला मला हात नाहीत, सांगायला तोंड नाही.

दुसऱ्या दिवशी शिंप्यांचे उत्तर आले. 'पत्र मिळाले. तू टेबलावर आहेस तर.' धाकट्या बाईंना वाटले, कोणी गिऱ्हाईक घोटाळ्यात पडले आहे. त्यांनी ते बाजूला सारले. रोज वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना तोच मजकूर जात राहिला आणि शिंप्यांची उत्तरे येत राहिली. 'अक्षर एवढे मोठे का करतेस? चष्मा इथेच आहे.' मग काही दिवसांनी, 'जेवण जात नाही.' आणि एका सोमवारी: 'तू रोज बोलावतेस. छातीच्या गोळ्या संपल्या, पुन्हा आणल्या नाहीत. आता येतोच.'

धाकट्या बाईंपुढे तेव्हा तीन गिऱ्हाइके उभी होती. त्यांच्या नजरेला शेवटचा शब्द तेवढा पडला. येतो म्हणतात, तर येऊ देत. त्यांनी तोच तयार मजकूर उत्तरादाखल धाडला. 'आपण लवकर यावे. आम्ही आपली वाट पाहत आहोत.'

मित्रांनो, तो दिवस मी कसा काढला ते मलाच ठाऊक. माणूस शहाणा असतो, बायको गेली हे त्याला कळते. पण रिकाम्या घरात रोज पत्र येत राहिले तर ते शहाणपण किती दिवस पुरणार? त्याने आजच स्वतःचे काही बरेवाईट केले, तर ते माझ्याच वाटेने गेलेल्या निरोपामुळे, असे मला वाटत राहिले.

मंगळवारी दहा वाजता दार उघडले. कडक इस्त्रीचा सदरा घातलेला एक म्हातारा आत आला. त्याचे गाल बसलेले होते. खिशातून त्याने चष्म्याचे घर काढले, टेबलावर ठेवले आणि धाकट्या बाईंच्या खुर्चीकडे पाहत राहिला.

"हा तिचा चष्मा," तो म्हणाला. "याच्याशिवाय तिला दिसत नाही. तिला बोलावता का?"

धाकट्या बाईंनी विचारले, कोणाला? त्याला ऐकू गेले नाही. त्याच्या कानातल्या यंत्राची बॅटरी केव्हाच संपली होती. त्याने टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे बोट केले. तिथे बाईंचे नाव प्रेषकाच्या ओळीत झळकत होते आणि तळाशी, माझ्यात, त्याचा स्वतःचा पत्ता होता. त्याने तो बोटाने दाखवला आणि म्हणाला, "हा मी."

धाकट्या बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी मागची सगळी उत्तरे एकेक करून उघडली आणि शेवटपर्यंत वाचली. गोळ्यांच्या ओळीपाशी त्यांचा हात तोंडावर गेला. मग त्यांनी नवे पत्र उघडले. प्रेषकाच्या ओळीत बाईंच्या जागी स्वतःचे नाव घातले. माझ्यातला पत्ता उचलला आणि 'प्रति'मध्ये ठेवला. कॉम्प्युटर म्हाताऱ्याकडे वळवून त्या त्याच्या डोळ्यांसमोर लिहू लागल्या.

'काका, बाई गेल्या. ही सगळी पत्रे मी लिहिली. तुमचा पत्ता मला रोज दिसत होता आणि तो कोणाचा हे मी विचारले नाही. चूक माझी आहे.'

त्याने ते दोनदा वाचले.

"ती गेली हे मला माहीत आहे, पोरी," तो म्हणाला. "मीच तिला पोचवून आलो. पण पत्र आलं की ती टेबलावर असते, असं आमचं ठरलं होतं." मग त्याने विचारले, "आता उद्यापासून येणार नाही?"

धाकट्या बाई रडत होत्या, पण बोटे थांबली नाहीत. 'येईल. रोज सकाळी, माझ्या नावाने. गोळी घेतली का, एवढेच विचारीन. तुम्ही उत्तर द्यायचे.'

मालकांनी त्याच्या यंत्रात नवी बॅटरी घातली. धाकट्या बाई त्याच्याबरोबर औषधांच्या दुकानात गेल्या. तेव्हापासून रोज सकाळी 'प्रति'च्या ओळीतून एक पत्र जाते आणि 'घेतली' असा एक शब्द परत येतो. कधी कधी 'घेतली, कडू होती' असेही येते.

परवा साडेनऊ झाले, दहा झाले, उत्तर आले नाही. धाकट्या बाईंनी पिशवी उचलली, मालकांना ओरडून सांगितले आणि त्या धावत सुटल्या. शिंपी न्हाणीघरात घसरून पडले होते. मांडीचे हाड मोडले होते, पण हाक मारण्याइतका जीव होता. आता धोका टळला आहे. दवाखान्यातून त्यांनी 'घेतली' असे कळवले आहे.

मित्रांनो, मी आता बहुतेक रिकामी असते. बाईंचे नाव प्रेषकाच्या यादीत अजून आहे. ते पुसायला धाकट्या बाईंचा हात धजत नाही. यादी उघडली की ते नाव दिसते आणि मी अजूनही दचकते. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते. पत्र धाडण्याआधी ते कोणाच्या नावाने निघाले आहे ते पाहा. बाण दाबून मला उघडा आणि माझ्यात कोण बसले आहे तेही पाहा. ओळख पटली नाही तर विचारा, विचारायला लाजू नका. मी पत्ते नीट सांभाळते, पण माझ्यात बसलेल्या माणसाच्या उत्तराची वाट कोणी पाहत नाही. परवा शिंपी माझ्यात असते, तर ते न्हाणीघरात पडले आहेत हे कोणाला कळले असते?