पाडलेला सूर

दीक्षाने व्हायोलिनवरून गज उचलला, तसा बुद्धरत्नने गिटारवरचा हात थांबवला.

“हाच. किंचित खाली पडलेला, रडू आवरल्यासारखा. ब्लूज म्हणतात तो हाच, राव. दीक्षा, पुन्हा घे बरं.”

दीक्षा चपापली. तिने सूर पाडलाच नव्हता. तिच्या मते तो अगदी जागेवर होता.

चिंचवडच्या सोसायटीच्या हॉलमधली ही शेवटची तालीम. रविवारी कार्यक्रम. दोन व्हायोलिन आणि एक चेलो, अशी पाश्चात्त्य शास्त्रीय वाजवणारी तिघं. त्यांच्यात ब्लूज, म्हणजे अमेरिकेतलं ते उदास गाणं, मिसळायला आलेला बुद्धरत्न. रेकॉर्डिंगसाठी पंखे बंद. पहिलं व्हायोलिन प्रज्वलचं. तो कंपनीत तपासणी विभागात. सुट्टीच्या दिवशीही माणसं पास-रिजेक्ट करत बसायचा. दीक्षाच्या आधीच्या स्वप्नालीला त्याने अशाच एका तालमीनंतर, फार गोड बोलून, घरी बसवलं होतं.

दीक्षा चाकणला प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांच्या गोंगाटात, सुपरवायझर. कानात बोळे घाला, असं सगळ्यांना बजावायची आणि स्वतःचा डावा काढून ठेवायची. नाहीतर माणसं काय कुरकुरतात ते कसं कळणार? आता त्या कानाला व्हायोलिन भिंतीपलीकडून आल्यासारखं येई. डॉक्टर काय म्हणाले ते तिने घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

तिने पुन्हा वाजवलं.

“हा सरळ आला,” बुद्धरत्न म्हणाला.

तिसऱ्यांदा वाजवलं. त्याने नुसतीच नकारार्थी मान हलवली.

“दीक्षा, दमलीस का गं? थोडं पाणी पी ना,” प्रज्वल म्हणाला. फार गोड म्हणाला.

चेलोवाली योगिनी कौतुकात कंजूष, चौकशीत त्याहून. ती उठली. खुर्ची ओढत तिने दीक्षाच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ आणली, चेलोचं लोखंडी टोक दीक्षाच्या अनवाणी पायांखालच्या, लाकडी मंचाच्या फळीत रोवलं आणि खालचा सूर लांबवला. फळी थरथरली. ती थरथर दीक्षाच्या तळपायांतून वर चढली. हनुवटीखाली तिच्या स्वतःच्या व्हायोलिनची थरथर होतीच. तिने डोळे मिटून गज ओढला, बोट हळूहळू खाली सरकवलं आणि दोन्ही थरथरी एकमेकींना घासू लागल्या तिथे थांबवलं.

“हाच,” बुद्धरत्न म्हणाला.

प्रज्वल योगिनीकडे वळला. “तू इतकी चिकटून का बसलीस?”

“तिकडे पंख्याचा वारा लागतो.”

प्रज्वलने मान वर करून बंद पंख्याकडे पाहिलं. मग फळीकडे. मग दीक्षाच्या पायांकडे, जरा जास्तच वेळ. दीक्षाने पाय मागे घेतले नाहीत.

“चला, पुढचं घ्या. आणि झोपू नका,” तो खेकसला. आवाजात गोडवा अजिबात नव्हता.

दीक्षाने तेव्हा कुठे श्वास सोडला.