सहापैकी तीन

एल्डर फॉल्समध्ये इंग्रजी म्हटलं की मॅरन टॉलेफसन, हे ठरलेलंच होतं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं लहान गाव. फुटबॉलमध्ये कोण पुढे, गणितात कोण, हे पेट्रोलपंपावरच्या माणसालाही ठाऊक. मॅरनचे जुने निबंध शिक्षक जपून ठेवत आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना नमुना म्हणून वाटत. त्यामुळे शाळेच्या शेवटच्या वर्षी मिसेस ओल्ब्रिख्टच्या ‘एपी’ इंग्रजीच्या वर्गात ती पहिल्या दिवशी गेली, ती आपल्याच घरात शिरावं तशी. वर्ग अवघड समजला जाई. कविता, नाटकं, कादंबऱ्या कॉलेजच्या तोडीनं वाचायच्या आणि मे महिन्यात देशभर एकाच दिवशी होणाऱ्या परीक्षेला बसायचं. मुलं चौदाच होती. बाकं गोलात मांडलेली, म्हणजे कुणाला कुणाच्या पाठीमागे लपता येऊ नये.

पंधरावी मुलगी ऑक्टोबरात आली. रेलिन व्हॉस. आधी ती साध्या इंग्रजीच्या वर्गात होती. तिथल्या सरांनी तिची वही मिसेस ओल्ब्रिख्टना दाखवली आणि आठवड्याभरात तिची इकडे बदली झाली. शनिवार-रविवार ती गावातल्या वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात काम करायची, त्यामुळे तिची बोटं कायम कोरडी, भेगाळलेली. मॅरनला तिचं काही वाटलं नाही. उलट काय काय वाचून झालंय याची यादी तिनंच रेलिनला लिहून दिली, तीही जरा मोठ्या बहिणीच्या थाटात.

पुढच्या मंगळवारी मिसेस ओल्ब्रिख्टनी एक छोटी कविता वाटली. एक बाई पलंगापाशी उभी राहून चादरींच्या घड्या घालते, एवढंच त्यात होतं. नेहमीप्रमाणे आधी मॅरन बोलली. चादर हे स्मृतीचं प्रतीक, पांढरा रंग म्हणजे विस्मरण, ओळी मध्येच तुटतात कारण बाईचं मन तुटलंय. मुलं लिहून घेत होती.

रेलिननं हात वर केला नाही. ती कागदाकडे बघतच म्हणाली, “पण ती एकटीच घडी घालतेय ना?”

“म्हणजे?” मिसेस ओल्ब्रिख्टनी विचारलं.

“मोठ्या चादरीची घडी एकट्यानं घालता येत नाही नीट. दोघं लागतात. इथे ती एक टोक हनुवटीखाली धरते, बघा, चौथ्या ओळीत. हे तिला नवीन आहे. पहिल्यांदा टोक खाली पडतं. दुसऱ्यांदाही. म्हणजे समोर धरणारं माणूस जाऊन फार दिवस झालेले नाहीत.”

वर्गात सतत विनोद करणारा डेसमंडसुद्धा चौथी ओळ शोधू लागला. मिसेस ओल्ब्रिख्ट खिडकीजवळ गेल्या आणि थोडा वेळ तिथेच उभ्या राहिल्या. मॅरनच्या एकाही वाक्यावर त्या आजवर अशा उठून गेल्या नव्हत्या.

मॅरननं चौथी ओळ पुन्हा वाचली. हनुवटी तिथे होतीच. तिनं ती ओळ सहा वेळा तरी वाचली होती आणि तिला ती दिसली नव्हती. हिनं काय अभ्यास केलाय, तिच्या मनात आलं. चादरी धुते म्हणून कळलं. हा काय साहित्याचा अभ्यास झाला?

पण पुढच्या कवितेत चादरी नव्हत्या, घोडा होता, आणि घोड्याचंही तेच झालं, इतरांच्या नजरेतून सुटलेलं रेलिनला दिसलं. मग एका नाटकातल्या मुक्या नोकराचं. रेलिन फार बोलायची नाही, तासाभरात एखादंच वाक्य. पण मॅरन आता बोलता बोलता तिच्याकडे बघायची. तिचे ओठ हलले की हिचं वाक्य अडखळायचं.

“आज जेवताना तिचं नाव चौथ्यांदा घेतलंस,” मॅरनची आई एकदा बटाटे वाढता वाढता म्हणाली. “मैत्रीण झाली वाटतं.”

“ती माझी कुणी नाही,” मॅरन म्हणाली आणि ताटावरून उठली.

नोव्हेंबरात वेळ लावून लिहिण्याचा सराव सुरू झाला. चाळीस मिनिटं, एक कविता, एक निबंध. नावाऐवजी कागदावर क्रमांक. मग मिसेस ओल्ब्रिख्ट कागद मुलांमध्येच अदलाबदल करून वाटायच्या आणि परीक्षेच्या निकषांप्रमाणे मुलांनीच सहापैकी गुण द्यायचे. “हे गुण माझ्या वहीत जाणार नाहीत,” त्या म्हणाल्या. “पण प्रामाणिकपणे द्या. समोरचा त्यावरून शिकणार आहे.”

मॅरनच्या वाट्याला अकरा नंबर आला. शाईवरून तळहात फिरून ओळी उजवीकडे पुसट झालेल्या. वर्गात डावखुरी एकच होती, रेलिन.

निबंध दीड पानांचा होता. मॅरननं तो वाचला आणि तिचे कान तापले. त्यात ‘प्रतिमा’ हा शब्द नव्हता, ‘तंत्र’ नव्हतं. पण वाचल्यावर ती कविता आपल्याला आत्तापर्यंत कळलीच नव्हती असं वाटत होतं. सहाला सहा. यात शंका नव्हती. आणि शंका नव्हती, हेच तिला सहन होईना. तिनं पेन उचललं, वर ‘३’ लिहिलं आणि खाली ठळक अक्षरांत: “ठाम मुद्दा नाही. नुसती गोष्ट सांगितली आहे. कवीनं वापरलेल्या साधनांचा उल्लेख नाही. असं परीक्षेत चालत नाही.”

लिहिताना तिला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं दुपारच्या जेवणापर्यंत टिकलं.

रेलिननं तो कागद वाचला, घडी करून पुस्तकात ठेवला. त्यानंतर ती वर्गात बोलेनाशी झाली. मिसेस ओल्ब्रिख्टनी विचारलं तर म्हणायची, “इथे कवी प्रतिमेचा वापर करतो.” बस, एवढंच. तिचे निबंध आता सरळ, गुळगुळीत, डोक्यात काही न राहणारे झाले. मिसेस ओल्ब्रिख्ट तिचे कागद परत देताना क्षणभर हातातच धरून ठेवायच्या. डिसेंबरात वर्गातलं सर्वांत चांगलं लिखाण पुन्हा मॅरनचं ठरलं. हेच तर हवं होतं तिला. पण तास आता लांब वाटायचा. डेसमंड एकदा जांभई देत म्हणाला, “पूर्वी इथे काहीतरी घडायचं यार.”

जानेवारीत, बाहेर बर्फ पडत असताना, वाचनालयात रेलिन तिच्या टेबलापाशी आली.

“जरा बसू?” तिनं विचारलं. “मला तुझ्यासारखं लिहायला शिकव ना. मी प्रयत्न करतेय, पण मेल्यासारखं होतंय सगळं.”

“कुणी सांगितलं तुला माझ्यासारखं लिहायला?”

रेलिननं पुस्तकातून तो घडी केलेला कागद काढला. घडीवर तो फाटायला आला होता. “हे बघ. तीन मिळाले होते मला. ज्यानं दिले त्याचं बरोबरच असणार. मला यातलं काय कळतंय? मी आपली दिसेल ते लिहीत होते.”

मॅरननं स्वतःचंच अक्षर बघितलं. उठून जावं, काहीतरी सांगावं, डोकं दुखतंय म्हणावं. पण रेलिननं वही उघडून पेनही काढलं होतं.

“ते तीन मी दिलेत,” मॅरन म्हणाली.

मॅरनला वाटलं आता ही ओरडेल, आणि ओरडली असती तर सोपं झालं असतं. पण रेलिननं विचारलं, “मग ते बरोबर होते का?”

हा प्रश्न येईल असं मॅरनला वाटलं नव्हतं. माफी मागायची तिची तयारी होती. याची नव्हती.

“नाही,” ती म्हणाली. “सहा द्यायला हवे होते. अक्षर तुझं आहे हे मला माहीत होतं. तुझा निबंध माझ्यापेक्षा चांगला होता.”

“दोन महिने,” रेलिन हळू आवाजात म्हणाली. “दोन महिने मी स्वतःला मूर्ख समजत होते. कळतंय का तुला?” तिनं वही मिटली. कागद मात्र टेबलावरच ठेवला. “हा तू वर्गात वाचून दाखव. सगळ्यांसमोर. आणि गुण कुणी दिले तेही सांग.”

दुसऱ्या दिवशी मॅरननं तो वाचला. मिसेस ओल्ब्रिख्टना तिनं सकाळीच सगळं सांगितलं होतं. त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, “सावकाश वाच.” दीड पान. मध्यावर ती अडखळली, लाजेनं नव्हे; एक वाक्य असं होतं की ते आपलं असतं तर, असं तिला त्या क्षणीही वाटलं. वाचून झाल्यावर तिनं गुणांचं सांगितलं. कुणी हसलं नाही. डेसमंडनं फक्त “बापरे” म्हटलं आणि बाकाकडे बघू लागला. पुढे महिनाभर दुपारच्या जेवणाला तिच्या टेबलावर फारसं कुणी बसलं नाही.

रेलिन पुन्हा बोलायला लागली. आधी बिचकत, मग पूर्वीसारखी. मॅरनशी मात्र कामापुरतंच.

जुलैत निकाल लागला. मे महिन्यातल्या त्या परीक्षेचे अंतिम गुण पाचपैकी असतात. मॅरनला पाच मिळाले, रेलिनला चार. मॅरनच्या आईनं केक केला, शेजाऱ्यांना बोलावलं.

आठवड्यानंतर किराणा दुकानात दोघी समोरासमोर आल्या.

“पाच ना? ऐकलं मी,” रेलिन म्हणाली. “छान झालं.”

“तू कवितेवर काय लिहिलंस?” मॅरननं विचारलं. मे महिन्यापासून तिला हे विचारायचं होतं.

रेलिननं खांदे उडवले आणि सांगितलं. चार-पाच वाक्यांत, हातातला दुधाचा डबा या हातातून त्या हातात घेत. मॅरननं त्या कवितेवर तीन पानं लिहिली होती. यातलं एक अक्षर त्यात नव्हतं. छातीत ती जुनी जळजळ जशीच्या तशी उठली. पाच गुणांनी त्या जळजळीचं काही वाकडं केलं नव्हतं.

“थांब,” ती म्हणाली, “शेवटच्या कडव्याचं पुन्हा सांग.”

रेलिननं तिच्याकडे नीट बघितलं. मग सामानाची ढकलगाडी बाजूला घेतली, मागच्या म्हाताऱ्या बाईंना वाट दिली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.