पाचवा पक्षी

सिदोनच्या धक्क्यावर गलबत वाऱ्याची वाट बघत उभं होतं, आणि इकडे बत्नोआमच्या भट्टीपाशी तिसरा पक्षी फुटला. आतलं अत्तराचं तेल उडालं, निळी काच राखेत विखुरली. बत्नोआमने चिमटा आपटला. पंचवीस वर्षं काच फुंकत होती ती, पण असला वैताग कधी वाट्याला आला नव्हता.

लेक अरिशत नवऱ्याबरोबर पुतेओलीला निघाली होती, कायमची. समुद्रापार जाणाऱ्या लेकीला आईने काचेचा पक्षी द्यायचा. आत अत्तर, शेपटी वितळवून बंद केलेली. नव्या घराच्या उंबऱ्यावर ती शेपटी मोडायची, म्हणजे मागे राहिलेल्या गावचा वास आधी घरात शिरतो. काच बत्नोआमची, पण अत्तर सासूने द्यायचं, म्हणजे विहीणबाई मिल्कतचं, आणि इथेच घोडं पेंड खात होतं.

"विहीणबाई, काठोकाठ भरू नका म्हणून किती वेळा सांगू? आच लागली की तेल उकळतं. आत जागा नको का?"

"आणि तिथले लोक म्हणतील, सासूने हात आखडता घेतला. ते ऐकून घ्यायचं मी?"

"तुम्ही इथे बसून काय ऐकणार आहात?"

"काच कच्ची असली की असंच होतं. माझ्या अत्तराला कशाला नावं ठेवता?"

बत्नोआमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात अरिशत दारात आली.

"आई, वारा सुटलाय. नाखवा घाई करतोय."

"तू हो पुढे. मी हे घेऊनच येते."

"राहू दे ना ते. जरा बस माझ्याजवळ."

"बसायला वेळ आहे का मला? जा म्हटलं ना."

अरिशत क्षणभर घुटमळली आणि गेली.

चौथा पक्षी बत्नोआमने स्वतः भरला, छातीपर्यंतच. चिमटा घ्यायला वळली, तर मिल्कतने वरून आणखी एक धार सोडलीच. तोही फुटला. बत्नोआमने दात-ओठ खाल्ले, विहिणीच्या हातातली सुरई काढून घेतली आणि तिला पार दाराशी नेऊन बसवलं. पाचव्याची शेपटी आचेत धरली. काच लाल झाली, मऊ झाली, गुपचूप मिटली. पण गरम राखेत निवू द्यायलाच हवा होता, घाईने उचलला तर तडकणार. दोघी राखेकडे बघत बसल्या.

निवलेला पक्षी घेऊन दोघी धापा टाकत धक्क्यावर पोहोचल्या, तेव्हा गलबत बंदराबाहेर पडलं होतं. मागच्या बाजूला माणसं उभी होती. त्यांतली अरिशत कोणती, ते काही ओळखू येईना.

मिल्कत पायरीवर मटकन बसली. तिचाही एकुलता एक मुलगा त्याच गलबतात होता.

"तुमचंच बरोबर होतं," ती म्हणाली. "जागा ठेवायला हवी होती. पण माझा हातच थांबेना हो. एवढंच तर देता येणार होतं मला."

बत्नोआमला हे तेव्हाच ऐकायचं होतं. आता त्याचं काय करायचं, तिला कळेना. तिचे डोळे वाहू लागले.

"रडू नका. पुढच्या गलबताने पाठवू की," मिल्कत म्हणाली. "पोचेल तिच्यापर्यंत."

"पक्षी पोचेल हो. पोरगी जवळ बस म्हणत होती, आणि मी तिला हाकलली."