मुठीतला फुगा

मी एक रबरी फुगा बोलतोय. लिंबाएवढा, मागे लांब नळी. निगडीच्या एका तपासणी केंद्रात एमआरआयच्या यंत्राला बांधलेला. आत झोपलेल्या माणसाला भीती वाटली की त्यानं मला दाबायचं, म्हणजे बाहेर घंटी वाजते. मला बोलायची फारशी सवय नाही. तळहात मात्र कळतात. मूल होत नाही म्हणून येणाऱ्या बायकांचे तळहात बहुतेक गार असतात.

गेल्या महिन्यात साधना आली. महाळुंग्याची सून, लग्नाला चार वर्षं झालेली. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ दिसली होती. ती किती खोल आहे, ते डॉक्टरांना पाहायचं होतं. सोबत सासू, शालनबाई.

यंत्र चालवणारा प्रज्वल दारातच फॉर्म घेऊन विचारत होता, "अंगात कुठं स्क्रू, प्लेट? डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता?"

शालनबाईच बोलल्या, "न्हाई ओ! आमच्या घरातल्या बाया कंपनीची पायरी चढत न्हाईत. ते बघूनच सून केली. एकदाचं कळू द्या हिच्यात काय दोष हाय. माझ्या लेकाला काय धाड भरलीय?"

"आजी, त्यांना बोलू द्या. ताई?"

साधनानं मान हलवली. नाही.

प्रज्वलनं तिला झोपवलं, कानात बोळे घातले, मला तिच्या मुठीत दिलं. इथलं चुंबक कधीच बंद नसतं. मागे एकीच्या केसातली पिन सुटून माझ्या अंगावरून सणाणत गेली होती, तेव्हापासून मीही धास्तावलेला असतो.

फळी आत सरकू लागली. तिचा गार हात घामानं निथळला. आणि तिनं मला दाबलं. असं, की नखं रुतली.

प्रज्वल फळी थांबवून धावत आला. "जीव घाबरला का, ताई?"

"दादा, मी खोटं बोलले. लग्नाआधी भोसरीत एका कंपनीत ग्राइंडरवर लोखंड घासायला होते. डोळ्यात कीस गेला होता. बरोबरच्या बाईनं पदरानं काढला. सगळा निघाला का, माहीत नाही. सासूबाईंना सांगू नका."

"हळू उठा. आधी डोळ्याचा एक्स-रे काढू."

दार उघडंच राहिलं होतं. दारात शालनबाई उभ्या होत्या.

अर्ध्या तासानं प्रज्वलचा आवाज आला, "कण अजून उजव्या डोळ्यात आहे. एमआरआय करता येणार नाही. आत गेल्या असत्या, तर चुंबकानं तो ओढला असता. डोळा गेला असता."

शालनबाई सुनेला म्हणाल्या, "डोळा जाऊ देणार हुतीस? एवढी भ्यालीस व्हय गं मला?"

साधनानं पुन्हा मान हलवली. या वेळी, हो.

त्या गाठीचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही. माझ्या अंगावर चार नखांच्या खुणा आहेत. रोज पुसतात, तरी जात नाहीत. बायांनो, दारात सासूसमोर बोलता आलं नाही, तर निदान मला दाबा. फळी सरकायच्या आधी दाबा.