पहिल्या ओळीतली सही

"मेलेल्या माणसाच्या सह्या केल्यास? गाढवा, मेलेल्या माणसाच्या?"

अप्पा ओरडले नाहीत, दात दाबून बोलले. मुरूडच्या हॉलमध्ये अख्ख्या जिल्ह्याचे ग्रंथपाल जमलेत. अधिवेशन हाय. प्रत्येकाच्या गळ्यात बिल्ला.

"हळू बोला ना. मग काय, पान कोरं ठेवू? तुम्हीच बोललेलात, सह्या कमी दिसल्या तर लायब्ररीची मान्यता जाईल."

"जे येतील त्यांच्या घे बोललो होतो!"

"येतंय कोण?"



अप्पांचा पाय मोडला, तीन महिने ते आत्याकडे पडून. काशीदजवळच्या आमच्या गावात ते चालवतात ती लायब्ररी माझ्या गळ्यात. मी नववीतच शाळा सोडलेला. रोज आठला एकच माणूस यायचा, कृष्णाजी आजा. चष्मा सुतळीने बांधलेला. आधी वाचकांच्या वहीत पहिल्या ओळीत सही, मग पेपर. जानेवारीत तो गेला. दुसऱ्या दिवशी वही उघडली आणि ती ओळ रिकामी बघवेना. त्याची सही मीच ठोकली. मग रोजच. खाली मोरू, धर्माजी, कोण कोण. ते निदान जिवंत तरी हायत.

मला काय माहीत, यंदा सगळ्यांच्या वह्या इथे मागवल्यात? अप्पांनी सकाळी इथल्या टेबलावर आमची वही देता देता शेवटची पानं चाळली आणि चेहरा पांढरा पडला. तोवर शिपायाने वही ओढून घेतली होती.

आता ती स्टेजवर, प्रणाली मॅडमसमोर. तपासणीला येतात त्याच ह्या. पन्नासेक वह्यांचा गठ्ठा हाय, पण गुलाबी चिठ्ठी एकाच वहीत खोचलीय. आमच्या. मी लांबून कव्हर ओळखलं. अप्पांनाही दिसलं. 

"बावीस वर्षं," ते पुटपुटले. "बावीस वर्षं चालवली रे."

मॅडमनी माईक घेतला. "यंदा आपण ग्रंथपालाचा नाही, वाचकाचा सत्कार करतोय. तीन महिन्यांत एकही दिवस न चुकवलेला वाचक जिल्ह्यात एकच सापडला. श्री. कृष्णाजी भगत! वय वर्षं एक्क्याऐंशी! आजोबा आलेत का?"

टाळ्या.

अप्पा काठी टेकून उठायला लागले. "ताप आलाय सांगतो. त्यांच्या वतीने शाल घेतो."

"आणि ती शाल सोनाबाई आजीला नेऊन देणार? नवऱ्याच्या नावाची? काय सांगणार तिला?"

"मान्यता जाईल रे..."

डोकं सटकलं माझं. खांदा दाबून त्यांना खाली बसवलं. "सह्या मी केल्यात, मीच सांगतो."

त्यांनी माझं मनगट धरलंय. सोडत न्हायत.

"आजोबांना कुणीतरी हात धरून आणा," मॅडम म्हणतायत. शाल उघडून उभ्या हायत. मी उठलो तशी लोकं गुडघे आवळून वाट देतायत, हसतायत. त्यांना वाटतंय, मी म्हाताऱ्याला आणायला चाललोय. 

अप्पा, सोडा हात. मला आता जायला लागेल.